कोशाच्या सुताची तार

माघ शुद्ध दशमी, सप्ताहाचा चौथा दिवस, पंगती उठल्यानंतरची दुपार. स्थळ: सिंदेवाही तालुक्यातल्या आमच्या गावचं मारुतीचं देऊळ आणि त्यापुढचा मांडव. हजर: वीणेवर शंकरभाऊ, टाळांवर गिरजाबाई आणि तिच्या मंडळाच्या बाया, मांडवाचे देविदासभाऊ, स्वयंपाकाच्या चुलीपाशी माझी जाऊ मंदाबाई. मांडवाच्या बाहेर, प्लास्टिकच्या खुर्चीवर, आमचे हे. आणि मी. शिवाय फाट्यावरचे मेश्रामभाऊ गॅरेजवाले, ते देवळात आले नाहीत पण कामात होते. आणि एक बाई, जिचं नाव इथे असायला हवं होतं. ते का नाही, ते पुढे येईलच.

मी आश्रमशाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. उशा, बादल्या, साबण, तांदूळ सगळं लिहून ठेवायचं आणि झालं की खूण करायची, ही सवय नोकरीने लावली की मुळातच होती, ते आता आठवत नाही. देवावर माझा विश्वास लहानपणापासून आहे, पण कामं मी कधी देवावर सोडली नाहीत. देवाला नमस्कार करायचा आणि तांदूळ मात्र आपणच निवडायचा, असं माझं साधं चाललं होतं. मागच्या पोळ्याच्या सुमारास ह्यांना लकवा मारला, तेव्हाही मी हेच केलं. गोळ्यांच्या वेळा भिंतीवर लावल्या. हातापायाचे व्यायाम, मालिश, तपासणीच्या तारखा, सगळं मांडलं. पाय बराच सुधारला. काठी घेऊन हे अंगणभर फिरू लागले. उजवा हात तसाच राहिला, आणि बोलणं गेलं ते गेलंच.

बोलणं गेलं म्हणजे एक शब्द सोडून सगळं गेलं. उरला तो शब्द म्हणजे 'हाव'. आमच्याकडे हो म्हणायला हाव म्हणतात. चहा हवा का, हाव. चहा नको का, तरी हाव. डॉक्टरबाईंनी विचारलं दुखतं का, तर हाव, आणि नाही ना दुखत, तर त्यालाही हाव. घरात आम्ही हसायचो. मंदाबाई म्हणायची, "पहाय वो बाई, जलमभर भाऊजीनं तुयी येक गोष्ट आयकली नाई, आता सगळ्याले हाव म्हणून राह्यले." हेही हसायचे, डाव्या बाजूने. पण डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की बोलण्याचा प्रयत्न सुटू देऊ नका, आता सुटला तर पुढे कठीण जाईल. आणि प्रयत्न तर सुटत चालला होता. चित्रांचे पत्ते आणले होते. गाय, घर, पाणी. पहिले काही दिवस त्यांनी तोंड उघडून पाहिलं. नंतर मी पत्ते काढले की ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. साठीकडे आलेल्या माणसाने बायकोपुढे बसून 'गाय' म्हणायला धडपडायचं, त्यात त्यांना काय वाटत असेल ते मला कळत होतं, तरी मी पत्ते काढतच राहिले. दुसरं काय करायचं, ते माझ्यापाशी नव्हतं.

हे पोस्टमन होते, आणि गाणारे होते. सायकलवरून टपाल वाटताना धानाच्या बांधांवरून त्यांचा आवाज आधी यायचा आणि पत्र मागून. लोक म्हणायचे, मनिऑर्डर नसली तरी चालेल, पोस्टमन येऊ द्या. पट्टी उंच, गळा मोकळा. आमच्या सप्ताहात वर्षानुवर्षं वीणा त्यांच्या आणि शंकरभाऊंच्या गळ्यात आळीपाळीने असायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सप्ताहात वीणा एकदा उभी राहिली की समाप्तीपर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो आणि घेणारा देणाऱ्याच्या. रात्र असो, दुपार असो, कोणीतरी ती घेऊन उभा असतोच आणि नाम चालू असतं. आमची वीणा म्हणजे खरं तर एकतारी आहे. भोपळा, बांबू, एक खुंटी, एक तार. पण सप्ताहात तिला वीणाच म्हणायचं.

या वर्षी रथसप्तमीला वीणा उभी राहिली तेव्हा शंकरभाऊ स्वतः घरी आले होते बोलवायला. हे त्यांच्यासोबत आले, पण मांडवात शिरले नाहीत. बाहेरच्या खांबाशी खुर्ची ओढून बसले. रोज यायचे, रोज तिथेच बसायचे, डोळे मिटून. कोणी आत या म्हटलं की हाव म्हणायचे आणि जागचे हलायचे नाहीत. माझ्या लक्षात आलं होतं की हे नाम ऐकायला येत नाहीत, त्या तारेसाठी येतात. तार वाजत असली की त्यांचं डावं बोट गुडघ्यावर हलायचं. घरात तर काहीच हलत नव्हतं. म्हणून मी देवाला मनात एवढंच सांगितलं होतं की ही खुर्ची इथून उठू देऊ नको. त्यापुढचं काही मागायची माझी हिंमत नव्हती.

तर दशमीच्या दुपारी तार तुटली. ठण्ण करून आवाज आला आणि नुसते टाळ उरले. शंकरभाऊ थबकले नाहीत. वीणा गळ्यात, बोट हवेत, नाम चालू. बायांनीही चाल सोडली नाही. पण मी खांबाकडे पाहिलं, तर हे काठी शोधत होते. उठलेच. घराच्या दिशेने तोंड केलं. मी धावत जाऊन दंडाला धरलं आणि म्हटलं, "बसा. दुसरी तार आणून ठेवली आहे मी. आत्ता लावते." हे माझ्याकडे पाहत राहिले. मग खाली बसले. आणि मला माहीत होतं की हे बसणं माझ्या शब्दावर आहे, आणि शब्द फार वेळ पुरणारा नाही.

तार खरोखरच होती. सामानाच्या यादीत मी स्वतः लिहिली होती, ब्रह्मपुरीहून आणवली होती, खूणही केली होती. सामानाच्या पेटीत कापूर, वाती आणि उदबत्तीच्या खाली तिची पुडी सापडली. पुडी होती, आत काही नव्हतं. देविदासभाऊ शेजारीच पत्रावळी रचत होते. त्यांना विचारलं.

"तो तार?" ते म्हणाले. "तो तं तोरणाले लावला नाजी. बाईंडिंगचा तार सरला होता. हा मस्त चमकत होता, म्हणलं देवाच्याच पेटीतला हाये, देवालेच लागला."

"देविदासभाऊ, तो वीणेचा होता."

"मंग पुडीवर लिहाव लागत होता ना वो बाई. तुमी तं डब्याच्या झाकणावर बी झाकण लिहिता."

गिरजाबाई टाळ वाजवता वाजवता तोंडाला पदर लावून हसली. मलाही हसू आलं असतं, पण खुर्ची दिसत होती. देविदासभाऊ बिचारे लगेच स्टुलावर चढले, आंब्याची पानं बाजूला करत तार सोडवली. तिला पानापानाशी पीळ बसलेला. पकडीने सरळ केली, शंकरभाऊ वीणा गळ्यात घेऊन उभे आणि देविदासभाऊ खालून तार ओवताहेत, असं ते चाललं. खुंटी दोनदा पिळली नाही तोच पिळाच्या जागी तार तुटली. पुन्हा ठण्ण. ह्यांनी डोळे उघडले.

मग मी फाट्याकडे गेले. फाटा देवळापासून जवळच आहे, तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, गेलं की आलाच. मेश्रामभाऊंच्या गॅरेजात जाऊन सगळं सांगितलं. ते विहारातल्या कार्यक्रमांत पेटी वाजवणारे, त्यामुळे फार समजवावं लागलं नाही. मोटारसायकलच्या क्लचची जुनी वायर घेतली, तिचे पदर उकलले आणि एक बारीक पदर काढून कागदात गुंडाळून दिला. वर म्हणाले, "लावून पहा. नाई लागली तं वीण्याले गिअर बसवून देतो." ती तार लागली. पण वाजली ती तारेसारखी नाही. भोपळ्यात कोणी मोटारसायकल चालू केली असं वाटलं, आणि शंकरभाऊंच्या बोटाला चिरा गेला. त्यांनी बोट तोंडात घातलं आणि दुसऱ्या हाताने तार काढायची खूण केली. त्यानंतर गिरजाबाईच्या नवऱ्याचा मासे धरायचा तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, आणला. तंगूस तुटला नाही, पण ताणावा तसा वाढतच गेला. खुंटी पिळली की सूर यायचा, विठ्ठल म्हणेपर्यंत खाली बसायचा. "गरी लावून पहा," गिरजाबाई म्हणाली, "सूर नाई तं मासा तरी येईन."

शंकरभाऊ मला म्हणाले, "बाई, राहू द्या जी आता. नाव तं चालू हाये ना. देवाले का तार पायजे?"

त्यांचं बरोबर होतं. देवाला तार नको होती. ती मला हवी होती. मी ह्यांच्याजवळ गेले, म्हटलं, मी नागभीडच्या बसने जाते, तिथून ब्रह्मपुरी, दिवेलागणीला तार घेऊन येते, तोवर बसा. त्यांनी हाव म्हटलं. तेवढ्या वेळ ते बसणार नाहीत हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही. तरी मी निघाले, कारण काही न करता उभं राहणं मला येत नाही. पाळीवरून चालताना मात्र पहिल्यांदा असं झालं की माझ्या डोक्यात पुढचं काम आलं नाही. नेहमी एक संपलं की दुसरं येतं. त्या वेळी नुसतं तलावाचं पाणी दिसत होतं आणि मागून टाळ ऐकू येत होते. मी म्हटलं, देवा, माझ्याकडचं संपलं. हे काही मी प्रार्थना म्हणून म्हटलं नव्हतं. सामान संपलं की कोठीवाल्याला सांगतो, तसं सांगितलं.

फाट्यावर एक बाई बसची वाट पाहत बसली होती. पन्नाशीची असेल. शेजारी पोतं, त्यातून रेशमाच्या कोशांचा तो ओलसर वास येत होता. आमच्या भागात ढिवरांच्या बाया येनाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडावर कोसा, म्हणजे रानरेशमाचे किडे पाळतात, हिवाळ्याचं पीक निघालं की विकायला नेतात, तशी ती असावी. बसल्या बसल्या ती एका लाकडी रिळावर सूत गुंडाळत होती. पिवळसर, मधासारख्या रंगाचं. मी तिच्या शेजारी बसले आणि बस केव्हाची आहे विचारलं.

"येईन तवा येईन," ती म्हणाली. "तुमी काऊन अशा धापा टाकून राह्यल्या?"

मी सांगितलं. एरवी मी अनोळखी माणसाला घरचं सांगत नाही. पण वीणा, तोरण, क्लचची वायर, खुर्ची, ह्यांचं हाव, सगळं सांगून बसले. ती सूत गुंडाळत ऐकत होती. तोरणाशी आलं तेव्हा हसली, खुर्चीशी आलं तेव्हा हात थांबला.

"मले वीण्यातलं काई समजत नाई," ती म्हणाली. "पण हे सूत तुटत नाई, येवढा मले मालूम हाये. माहा बुढा याचा पीळ घालून गरीले लावे. न्या."

"विकायचं आहे का हे?"

"विकाचं पोत्यात हाये. हे घरचं." तिने रीळ माझ्या हातात ठेवलं. "सूत लागन तेवढा लावा. रीळ तेवढं वापस द्या, माह्या मायचं हाये थे."

तेवढ्यात बस आली. ती बस मलाही घ्यायची होती. ती पोतं उचलून चढली, मी खाली राहिले. हातात रीळ घेऊन मी पाळीवरून परत चालू लागले, चालू लागले म्हणजे जवळजवळ धावले. बस निघून गेल्यावर आणि मी निम्मी पाळ ओलांडल्यावर मला आठवलं की मी नाव विचारलं नाही. गावही नाही.

देवळाशी आले तर खुर्चीवर हे होते. काठी हातात घेऊन, उभं राहण्याच्या बेतात, पण होते. एकेरी सूत कामाचं नव्हतं, अनेक पदर घेऊन पीळ घालायला हवा होता आणि पीळ घालायला दोन माणसं लागतात. मी इकडेतिकडे पाहिलं. बाया नामात, शंकरभाऊंच्या गळ्यात वीणा, मंदाबाईचे हात पिठात, देविदासभाऊ पुन्हा तोरण बांधायला स्टुलावर. रिकामा असा एकच माणूस होता. मी पदर जुळवून एक टोक ह्यांच्या डाव्या हातात दिलं आणि म्हटलं, "घट्ट धरा. सोडलं तर सगळं उकलेल." दुसरं टोक मंदाबाईच्या पळीच्या दांड्याला बांधलं आणि चुलीपाशी जाऊन पळी फिरवू लागले. आमच्या दोघांच्या मध्ये अंगणभर ते पिवळं सूत ताणलेलं. मी फिरवत होते आणि हे धरून होते. पोळ्यापासून इतक्या महिन्यांत मी ह्यांच्यासाठी शेकडो गोष्टी केल्या, पण ह्यांच्यासोबत अशी एकही केली नव्हती. त्यांना हातात धरायला मी काही दिलंच नव्हतं, हे मला तिथे, पळी फिरवताना समजलं.

पीळ बसला, दुहेरी केला, पुन्हा पीळ दिला. मंदाबाईने कुंकवाखाली लावायच्या मेणाची डबी कनवटीतून काढून दिली, "घ्या, देवाच्या कपाळाले मेण लागते तं तारेले काऊन नाई." मी सूत मेणातून ओढून घेतलं. मग माझं टोक घेऊन मांडवात गेले आणि खाली बसून भोपळ्याच्या तळाशी बांधलं. आता वरचं टोक खुंटीला जायचं होतं, आणि ते टोक ह्यांच्या हातात होतं. मी म्हटलं, "द्या इकडे." हे म्हणाले, "हाव." आणि सोडेनात. मी आधी सांगितलं होतं ना, सोडू नका. त्यांनी ते ऐकलं होतं. त्यांनी काठी खांबाला टेकवून ठेवली आणि सूत हातात धरून, सुतामागोमाग, एकेक पाऊल टाकत मांडवात आले. तीन दिवस ज्या मांडवात कोणाच्या म्हणण्याने आले नव्हते, त्या मांडवात. कोणी वळून पाहिलं नाही. गिरजाबाईने फक्त टाळ हळू केले.

शंकरभाऊ वीणा घेऊन उभे होते. ह्यांनी टोक खुंटीशी नेलं, शंकरभाऊंनी ओवून गाठ मारली आणि खुंटी पिळू लागले. सूत चढत गेलं. पहिल्या तारेचा सूर जिथे असायचा त्याच्या बराच खाली असतानाच कर्रर्र असा बारीक आवाज झाला. ह्यांनी डावा हात उचलून शंकरभाऊंच्या मनगटावर ठेवला आणि म्हणाले, "हाव." पुरे म्हणायचं होतं की अजून पिळा, ते त्या शब्दावरून कळायला मार्ग नव्हता. पण शंकरभाऊ थांबले. त्यांनी बोट मारलं.

तो आवाज कसा होता ते सांगायचा मी अनेकदा प्रयत्न केला आहे. तारेची चमक त्यात नव्हती. भोपळ्याच्या आत कोणी म्हातारं माणूस तोंड मिटून गुणगुणतंय, असा होता. मऊ आणि खूप खालचा. बायांना एवढं खाली उतरावं लागलं की गिरजाबाई चाल धरता धरता शेजारणीला म्हणाली, "माय वो, विहिरीत उतरून म्हणाव लागते काय आता?" पण उतरल्या. सगळ्या उतरल्या. हे शंकरभाऊंच्या पायाशी खाली बसले आणि डावा कान भोपळ्याला लावला. शंकरभाऊंनी वीणा थोडी कलती केली, एवढंच.

मला आधी वाटलं तारच आहे. मग शंकरभाऊंचं बोट थांबलं तरी आवाज चालूच राहिला, तेव्हा मी वाकून पाहिलं. ह्यांचे ओठ मिटलेले होते आणि गळा हलत होता. घरी मी फोनवर भजनं लावून त्यांच्यापुढे ठेवायची, तेव्हा ते तोंड उघडायचे आणि मिटायचे, कारण जुन्या पट्टीपर्यंत गळा पोचत नव्हता आणि त्यांना दुसरी पट्टी ठाऊक नव्हती. इथे सूर स्वतः खाली येऊन बसला होता. बराच वेळ ते नुसते गुणगुणत राहिले. मग ओठ उघडले. 'ल' आधी आला. मग 'ठल'. बाया तेच ते नाम म्हणत होत्या, पुन्हा पुन्हा, कोणाला घाई नव्हती, आणि त्या फेऱ्यांमधल्या एका फेरीत ह्यांच्या तोंडून विठ्ठल आलं. पूर्ण. मग पुढच्या फेरीतही आलं.

कोणी थांबलं नाही. कोणी मला हाक मारली नाही. गिरजाबाईचे डोळे वाहत होते आणि टाळ ठेक्यात होते. मंदाबाई चुलीकडून पिठाच्या हातांनी आली आणि माझ्या मागे उभी राहिली, माझ्या खांद्यावर पिठाची पाची बोटं उमटली. बऱ्याच वेळाने शंकरभाऊ दमले. त्यांनी वीणा गळ्यातून काढली, वाकून ह्यांच्या गळ्यात घातली आणि पाया पडले. ह्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून ह्यांनी डावा हात शंकरभाऊंच्या पायाला लावून कपाळाला नेला. त्यानंतरचा वीणेचा पहारा ह्यांनी बसून केला. उजवा हात मांडीवर, डाव्या हाताने तार. सप्ताह संपेपर्यंत ती तार तुटली नाही.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, असं होतं, बोलणं अडतं तिथे गाणं कधी कधी दुसऱ्या वाटेने येतं, हे आता रोज करा. मी लिहून घेतलं. त्यांच्या म्हणण्याशी माझं काही भांडण नाही. असं होतं, हे त्या म्हणाल्या, आणि मीही तेच म्हणते. तोरणाला तार लागली, क्लचची वायर बोचली, तंगूस वाढला, माझ्याकडचं सगळं संपलं आणि फाट्यावर ती बाई सूत गुंडाळत बसली होती. यातली एखादी गोष्ट नीट झाली असती, तर चांगली चमकदार तार लागली असती, उंच पट्टीत, आणि हे खांबाशीच बसून राहिले असते. मी यादीत लिहिलेली तार वेळेवर सापडली नाही, याबद्दल मी देवाचे आभार मानते. आयुष्यात असं काही म्हणेन असं वाटलं नव्हतं.

आता हे बोलतात. सरळ बोलत नाहीत, चालीत बोलतात. सकाळी अंगणातून खालच्या सुरात "चहाऽ" अशी आळवणी येते, आणि साखर कमी पडली तर तीही चालीवर कळते. चित्रांचे पत्ते मी कपाटात ठेवून दिले. त्याऐवजी रोज संध्याकाळी आम्ही दोघं बसतो आणि ते जे म्हणतील ते मी मागून म्हणते. माझा आवाज पहिल्यापासून बेसूर आहे. एकदा मी फारच भरकटले तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली आणि अगदी स्पष्ट म्हणाले, "नाई." तो त्यांचा नवा शब्द. मंदाबाई म्हणाली, झालं, सुरू झाले भाऊजी पहिल्यासारखे.

वीणेसाठी मी ब्रह्मपुरीहून नवी तार आणली आहे आणि पुडीवर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. शंकरभाऊ ती लावू देत नाहीत. म्हणतात, हे सूत आपणहून सुटेल तेव्हा पाहू.

ते रीळ माझ्याकडे आहे. वापरून गुळगुळीत झालेलं, मधोमध खोलगट. कोणाच्या तरी आईचं. मी फाट्यावर अनेकदा जाऊन बसले. मेश्रामभाऊंना सांगून ठेवलं आहे, त्यांनी बसच्या कंडक्टरांना सांगितलं आहे. नागभीडला जिथे कोसा उतरतो तिथेही विचारलं. "कोसावाली बाई, पन्नाशीची" एवढ्यावर लोक हसतात. "अशा तं गावोगाव हायेत, बाई." ती देवाने पाठवली होती का, असं मला काही जण विचारतात. मी सांगते, ती नागभीडच्या बसने गेली आणि तिच्या पोत्याला कोशाचा वास होता. देवाने पाठवलेली आणि बसने गेलेली, या दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असायला मला काही अडचण वाटत नाही.

उसनी आणलेली वस्तू आमच्याकडे रिकामी परत करत नाहीत. म्हणून रीळ एका कापडी पिशवीत ठेवलं आहे, सोबत देवळातला लाह्यांचा प्रसाद, आणि पिशवी दाराशी खिळ्याला टांगली आहे, फाट्याकडे निघताना हाताशी यावी म्हणून. प्रसाद शिळा होतो, तेव्हा तो काढून नवा ठेवते. आज सकाळी हे म्हणाले, चालीत, "रीऽळ", आणि पिशवीकडे बोट केलं. मी पाहिलं तर लाह्या मऊ पडल्या होत्या. बदलल्या. ह्यांनी चपला घातल्या, काठी घेतली, आम्ही दोघं फाट्यावर जाऊन बसलो आणि बस येऊन गेल्यावर परत आलो.

रीळ द्यायचं राहिलं आहे.